चार पॉइंट शून्य

सेरंगून, सिंगापूर
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय राणीताई,

सविनय जय भीम.

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. म्हणून हे कागदावर. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडण्याआधी वाच.

लेक मैत्री आठ महिन्यांची झाली. बसते, पण बसल्या बसल्या एका बाजूला कलंडते आणि त्याचं तिलाच हसू येतं. तू तिला अजून पाहिलं नाहीस. नंदा कामावर जायला लागली, बाळ ब्लॉकखालच्या पाळणाघरात असतं. इथं कायम राहायचा, पीआरचा अर्ज अजून लटकलेलाच आहे. नांदेडला आता ऊन तापायला लागलं असेल. तुझी शाळा सकाळची झाली का?

मी बरा आहे. म्हणजे तब्येत बरी आहे. एका जागी बसवत नाही, एवढंच. ऑफिस पाया लेबारला, सर्कल लाइननं चार स्टेशनं, पण हल्ली मी चालतच जातो. तासभर लागतो, शर्ट पिळून निघतो. नंदा म्हणते, तुला वेड लागलंय. ट्रेनमध्ये उभं राहिलं की डोक्यात तेच तेच सुरू होतं, चालताना निदान सिग्नल बघावे लागतात.

ऑफिसात एक प्रकार घडला, तो तुला सांगायचा आहे. आमच्या कामाची तुला तोंडओळख आहे, तरी नीट लिहितो. वृद्धाश्रमांना जेवण पुरवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर करते. कुठल्या आजी-आजोबांच्या ट्रेवर काय जायचं, ते यंत्र ठरवतं. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांच्या नावापुढे आकडा असतो. सात म्हणजे आपण जेवतो तसं, चार म्हणजे पूर्ण वाटून गुळगुळीत केलेलं. चारच्या माणसाला सातचं ताट गेलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ह्या सॉफ्टवेअरचा मुख्य भाग जावा भाषेत आहे, तो मी लिहितो. पण आहारतज्ज्ञांचे नियम दर आठवड्याला बदलतात, म्हणून जावाच्या पोटात एक छोटी, सुटसुटीत भाषा बसवली आहे. नियम त्या भाषेत लिहायचे, आणि त्या नियमांनी जावातल्या कामांना हाक मारायची: ह्यांना चारचं ताट दे, त्यांना पाचचं. ते नियम दाजी लिहायचे.

मंगळवारी एका आजींच्या ट्रेवर घट्ट केलेल्या चहाऐवजी साधा पातळ चहा लागला. ट्रे तपासणाऱ्या रोझिया आंटी त्या आजींना ओळखत होत्या. ‘धिस वन कॅनॉट लाह,’ हा नाही चालायचा, म्हणत त्यांनी कप उचलून घेतला. म्हणून काही झालं नाही.

आमच्या मॅनेजर मिस क्वेक मला म्हणाल्या, “नरेश, तू सगळ्यांत जुना. शोधून काढ.” गेल्या वर्षी अंकल बूनच्या वेळीही त्या हेच म्हणाल्या होत्या.

अंकल बूनचं नाव ह्या पत्रात येऊ द्यायचं नव्हतं. आलं. त्यांच्या घशात घास अडकला, त्याचं खापर दाजींच्या नियमावर फुटलं, कामाचा पास रद्द झाला आणि महिन्याभरात तुम्ही तिघं नांदेडला परत गेलात. हे तुला मी काय सांगायचं.

एक विचारायचं होतं. दाजींची नियमांची निळी वही तिकडे आहे का? त्यातल्या चहा-पाण्याच्या पानांचे फोटो जाईकडून पाठवता आले तर मदत होईल. घाई नाही.

खरं तर घाई आहे. पण असू दे.

मैत्रीचा फोटो सोबत ठेवला आहे.

नरेश


सेरंगून
सोमवार, २४ मार्च २०२५

प्रिय राणीताई,

जय भीम.

जाईनं मला मेसेज केला. तिला रागावू नकोस, तुझ्यासारखंच तिच्याही पोटात काही राहत नाही. तिनं लिहिलं, ‘मामा, आईने तुझं लेटर दोनदा वाचलं. नोटबुक मागू नको लाह. बाबा ते रोज ओपन करतात. मिस्टेक शोधतात.’

मी विचारलं, रोज?

‘दुकानातून आले की. जेवायच्या आधी. पेन्सिलने टिक करतात, मग सगळं खोडतात.’

मला वाटत होतं, दाजी भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात ते कॉम्प्युटरचा वीट आला म्हणून. त्यांनी ते प्रकरण मागे टाकलं असेल, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होतो.

ताई, त्या वहीत चूक नाही. एकाही पानावर नाही. मला वही नकोच होती. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

हे मला कधीपासून माहीत आहे, ते आज लिहायचं आहे. आधी ह्या दोन आठवड्यांचं सांगतो.

दाजींच्या जागी उल्का नावाची पुण्याची मुलगी आली आहे. चहाचा शोध आम्ही दोघं घेत होतो. तिनं त्या आजींचा नियम एकटा चालवून पाहिला. तीस वेळा चालवला, तीसही वेळा बरोबर. मग तिनं त्या आश्रमातल्या दोनशे जणांची यादी ओळीनं चालवली. आजींचा नंबर आला आणि पातळ चहा लागला. पुन्हा एकट्या आजी, तर बरोबर. पुन्हा रांगेत, तर चूक. उल्का खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, “सर, हिच्या आधीच्या कोणीतरी हिचं बिघडवलंय.”

दोन तज्ज्ञ तपासतात, दोघांच्या आकड्यांची सरासरी काढायची, अर्धा आला तर सुरक्षित बाजूचा आकडा धरायचा, असा नियम. त्या आजींच्या आधी रांगेत एक आजोबा होते आणि त्यांच्या सरासरीत अर्धा आला होता. तिथंच सगळं होतं.

तू शाळेत गणित शिकवतेस, तुला सांगायला सोपं आहे. तुझ्या लेखी चार आणि चार पॉइंट शून्य एकच. त्या छोट्या भाषेच्या लेखीही एकच. पण जावाच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हिशोबात एकदा अर्धा आला, की ती छोटी भाषा पुढचे सगळे आकडे पॉइंटसकट पाठवायला लागते. तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता जावाची बाजू. जावात एकाच नावाची दोन कामं ठेवता येतात. पूर्ण आकडा आला तर पहिलं चालतं, पॉइंटचा आला तर दुसरं. माझं पहिलं काम घट्टपणा ठरवायचं. नंतर किती वाढायचं, अर्धी वाटी की दीड, ह्यासाठी मी दुसरं लिहिलं आणि त्यालाही तेच नाव दिलं. नवं नाव शोधायचा कंटाळा, दुसरं काही नाही. मग चार पॉइंट शून्य आला की दुसरं काम उठतं. त्याला वाटतं चार वाट्या वाढायच्या. एवढं कोणी जेवत नाही, म्हणून ते एक वाटी धरतं. आणि घट्टपणाचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून सात, म्हणजे नेहमीचं, धरतं. काही सांगितलं नसेल तर सात धर, हेही मीच लिहून ठेवलेलं.

चहाच्या क्लासमध्ये, म्हणजे जावातल्या चहाच्या भागात, ही जोडी उल्काला सापडली. तिनं जेवणाचा क्लास उघडला. मी तिच्या मागे उभा होतो. मला जिन्यावरून खाली पळत जावंसं वाटलं.

“सर, इथं मात्र दुसऱ्याचं नाव बदललंय. तुम्हीच बदललंय. गेल्या वर्षी अठरा मार्चला. शेरा आहे, किरकोळ साफसफाई.”

मी तिच्या खुर्चीची पाठ धरली.

“अंकल बूनचं अकरा मार्चला झालं होतं ना?” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, आणि स्क्रीन बंद केला. एवढंच. दोन दिवस ती जेवायला माझ्या टेबलाशी आली नाही.

ताई, अठरा मार्च. सोमवार, दुपारचे तीन वाजले असतील. मला ती जोडी सापडली. दाजी समोरच्या मीटिंग रूममध्ये होते, काचेतून दिसत होते. त्यांच्यासमोर चौकशीला तिघं बसले होते आणि ते वही उघडून एकेक नियम समजावून सांगत होते. मी दुसऱ्या कामाचं नाव बदललं. दोन मिनिटांचं काम. मनात म्हटलं, आधी दुरुस्त करू, नाहीतर अजून कोणाला लागेल, मग सांगू. पाचला सांगू. पाचला दाजी बाहेर आले आणि मला म्हणाले, “नरेश, मला वाटतं माझ्याच हातून झालं. नीट आठवत नाही, पण झालंच असणार.” मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

मग मंगळवार आला. नंदाला सहावा महिना होता. पीआरचा अर्ज नुकताच भरला होता. पास गेला तर बाळंतपण कुठं करायचं, असं सगळं डोक्यात. शुक्रवारी दाजींनी अहवालावर सही केली. त्यांना ह्या कंपनीत मीच आणलं होतं, आणि त्यांची सही होताना मी माझ्या जागेवर बसून होतो.

चांगी विमानतळावर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, “नरू, तुला खरंच काही सापडलं नाही का रे?” मी नाही म्हणालो आणि तुझी बॅग ट्रॉलीवर चढवली.

तू ब्लॉक केलंस ते मी दाजींच्या बाजूनं उभा राहिलो नाही म्हणून. तेवढंच तुला माहीत होतं.

ह्यातलं सर्वांत वाईट मला आत्ता कळलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर कंपनीनं सगळे क्लास तपासले असते. मी गुपचूप एक बुजवलं, आणि चहाचं तसंच राहिलं, कारण तो क्लास मी जेवणाच्या क्लासवरून उतरवून काढला होता आणि विसरून गेलो होतो. वर्षभर तो खड्डा उघडा होता. रोझिया आंटींनी त्या दिवशी रजा घेतली असती तर?

नंदाला परवा सांगितलं. ती मैत्रीला भरवत होती. चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “राणीताईंना सांगितलंस?” मी म्हटलं, आधी ऑफिसात सांगतो. ती म्हणाली, “नाही. आधी ताईंना. ऑफिसला तू चूक सांगशील. ताईंना तू खोटं सांगितलंयस.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

उद्या सकाळी दहाला मिस क्वेकची वेळ मागितली आहे. हे पत्र त्याआधी पोस्टात पडेल, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

दाजींना हे तू सांगायचं की नाही, तू ठरव. पण वही मिटायला सांग. कसंही करून.

नरेश


सेरंगून
रविवार, २० एप्रिल २०२५

राणीताई,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा धरून लिहीत नाही. पुढं काय झालं ते तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून लिहितो.

त्या दिवशी दहाला मी मिस क्वेकच्या खोलीत गेलो. छापून नेलेली दोन पानं पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली. मग उठून दार लावून घेतलं.

“चहाचं कळलं,” त्या म्हणाल्या. “भाषा बसवताना राहून गेलेली चूक. दुरुस्त झाली. हे मी आज लिहू शकते. पण गेल्या वर्षीचं प्रकरण बंद झालंय, नरेश. तू ते का उघडतोस?”

“कारण तो अहवाल खोटा आहे.”

“तुला लहान बाळ आहे.”

“हो.”

“आणि शिवदासला तरी आता ह्याचा काय उपयोग? तो गेला. सेटल झाला असेल.”

क्षणभर मला तिथं बसून राहावंसं वाटलं, ताई. खुर्ची मऊ होती, एसी चालू होता, आणि माझ्या बाजूनं दुसरं कोणीतरी बोलत होतं. मी म्हटलं, “तो रोज संध्याकाळी जेवायच्या आधी वहीत चूक शोधतो.” त्यांना काही कळलं नाही. मग मी तुझ्या मुलीचा मेसेज त्यांना इंग्रजीत करून सांगितला. त्यांनी चष्मा काढला. त्यांना मी वाईट म्हणणार नाही, त्यांच्यावरही कोणी असेल. पण नंतर त्या एवढंच म्हणाल्या, “ऑलराइट. लिहून दे. तारखांसकट.”

लिहून दिलं. अठरा मार्च, दुपारी तीन, सगळं.

मला त्याच आठवड्यात कामावरून कमी केलं. आश्रमाला आणि इथल्या आरोग्य खात्याला सुधारलेला अहवाल गेला. प्रत्येक क्लास आता बाहेरची माणसं तपासत आहेत. मंगळवारी उरलेलं सामान आणायला ऑफिसात गेलो, तेव्हा उल्का लिफ्टपर्यंत आली आणि म्हणाली, “अजून दोन जोड्या सापडल्या, सर. कोणाच्या, ते नाही सांगत.” आणि हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मागच्या रविवारी मी अंकल बूनना भेटायला गेलो. वर्षभरात कधी गेलो नव्हतो. वय एक्क्याऐंशी. जन्मभर चांगीच्या धक्क्यावरून पुलाउ उबीन बेटाला माणसं नेणारी बमबोट चालवली, अजूनही तळहात दोरीनं घासल्यासारखे आहेत. त्या अपघातानंतर न्युमोनिया झाला, आणि तेव्हापासून नाकातल्या नळीनंच अन्न जातं. बोलणं जवळजवळ नाही.

तिथल्या नर्सबाई ब्रह्मदेशच्या, सिस्टर खिन. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, “तू त्या उंच माणसाचा मित्र का? शिवाचा?”

ताई, हे तुला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. इथून जायच्या आधी दाजी दर रविवारी तिथं जात होते. अंकलना मराठी येत नाही, दाजींना त्यांची होक्किएन चिनी येत नाही, नुसते हात धरून बसायचे. आणि नांदेडला गेल्यावरही दर रविवारी फोन येतो. सिस्टर खिन फोन अंकलच्या कानाशी धरतात. “काय बोलतात?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “गुड मॉर्निंग अंकल. मग सॉरी. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बाय.”

मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलो आणि अंकलना इंग्रजीत सांगितलं, फोनवर सॉरी म्हणतो त्यानं काही केलेलं नाही, ते मी केलं. सिस्टरनी त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं सांगितलं. अंकल माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. माफ केलं, असा त्याचा अर्थ नव्हता. जा, असा होता. सिस्टर म्हणाल्या, ते दमले. मी निघालो.

बुधवारी कंपनीचं पत्र दाजींना ईमेलनं गेलं. त्यांच्या नावावरचा दोष काढून टाकल्याचं, सहीशिक्क्यासह. गुरुवारी दुपारी मी मैत्रीला पाळणाघरातून आणायला निघालो होतो, तेव्हा फोन वाजला. दाजींचा नंबर. वर्षानं. मी ब्लॉकखालच्या दगडी बाकावर बसलो.

“कुठल्या ओळीत?” दाजी म्हणाले. नाव नाही, जय भीम नाही.

मी सांगितलं. दोनशे सोळा.

“तुझ्या क्लासमध्ये?”

“हो.”

“सरासरी बरोबर होती?”

“बरोबर होती.”

“पान अकरावरचा नियम. अर्धा आला तर खालचा. तो?”

“तोही बरोबर होता, दाजी.”

पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. कोणीतरी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं. दाजी हलले नसावेत, कारण तो माणूस दुसऱ्यांदा मागत होता.

मग ते म्हणाले, “म्हणजे मी नव्हतो.”

मला प्रश्न वाटला, म्हणून मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तो प्रश्न नव्हता. त्यांनी फोन ठेवला होता.

मी तिथं किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते खेळत होते, त्यांचा डाव संपून दुसरा सुरू झाला. दाजी मला शिव्या देतील, ह्याची मी महिनाभर तयारी केली होती. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

कंपनीनं त्यांना परत यायचं विचारलं आहे, असं उल्काकडून कळलं. त्यांनी काय कळवलं, मी विचारलं नाही. तो प्रश्न मी विचारायचा नाही.

आमचा पास संपतोय. फ्लॅट सोडायचं कळवलं, सामान विकायला काढलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नंदाच्या माहेरी परभणीला येतोय. नंदा आता बोलते, कामापुरतं. काल सामान बांधताना म्हणाली, “तू खरं बोललास म्हणून मी तुझ्याबरोबर येतेय. तू वर्षभर गप्प बसलास, ते मी अजून विसरले नाही.” मला तेवढं पुरेसं आहे.

परभणी ते नांदेड किती जवळ आहे, हे तुला माहीत आहे. तुम्ही बोलावल्याशिवाय मी येणार नाही. पण मैत्रीला घेऊन नंदा एकटी आली, तर तिला दार उघड. ह्यात तिचा काही दोष नाही.

दाजींना दोन शब्द लिहावेत म्हणून मी इथं चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि सेरंगूनभर चालून आलो. दोनदा. एक शब्द सुचला नाही. सुचला तो त्यांनी वर्षभर दर रविवारी, माझ्या जागी, दुसऱ्याच माणसाला म्हणून टाकलेला आहे. ओळी मोकळ्याच पाठवतो. त्यांना हे पान दाखव.




तुझा भाऊ,
नरेश